काळा पडलेला कडबा

मंगळवेढ्याच्या बाजूला शेतकऱ्याला ‘औंदा ज्वारी कशी झाली?’ असं विचारलं, तर तो बहुतेक वेळा कडब्याचं, म्हणजे कणसं खुडल्यावर उरलेल्या वाळल्या धाटांचं, सांगतो. ताट किती उंच गेलं, पेंढी वजनाला कशी भरली, रंग पांढरा राहिला की नाही. कणसाचं सगळ्यात शेवटी, आणि तेही आपण पुन्हा विचारलं तर. धान्य कमी पडलं तर रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, दुकानात पीठ मिळतं. वैरण रेशनवर मिळत नाही. दावणीला चार जित्राबं बांधलेली असली की हा फरक कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

आमची ज्वारी म्हणजे मालदांडी. मोहोळच्या संशोधन केंद्रावर याच जुन्या स्थानिक वाणातून ३५-१ या वाणाची निवड झाली, त्याला आता कितीतरी दशकं लोटली. मधल्या काळात सुधारित वाणांची रांग लागली, तरी रब्बीत लोक मालदांडी सोडायला तयार नाहीत. भाकरी गोड हे एक कारण, आणि ताट उंच, गोडसर, जनावर शेवटच्या कांड्यापर्यंत चघळून खातं हे दुसरं. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात भाकरीचे फोटो आले. कडब्याचा एकही नव्हता. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही, थोडा राग आला एवढंच.

कारण आपल्याकडे चारा हे पीक म्हणून कुणी धरलेलंच नाही. लसूणघास, नेपियर, कडवळ ही हिरव्या चाऱ्याची पिकं बागायतवाल्यांची. कोरडवाहू माणसाची जनावरं पिढ्यान्‌पिढ्या धान्याच्या मागं उरलेल्या काडावर जगली: ज्वारीचा कडबा, बाजरीचं सरमाड, हरभऱ्याची गुळी, तुरीचं भुसकट. १९६४ साली पहिली संकरित ज्वारी आली, कणीस भरलं आणि ताट बुटकं झालं. उत्पादनाच्या हिशेबात ते यश होतं, आणि ते यश नव्हतं असं मी म्हणणार नाही, त्या काळात पोटाला धान्यच हवं होतं. पुढं मराठवाड्यात आणि विदर्भात खरिपाची ज्वारी हटून सोयाबीन आलं. सोयाबीनच्या भुसकटाला जनावर तोंड लावतं, पण नाइलाजानं. म्हणजे हवामान बिघडायच्या आधीच आपण वैरणीचा एक पाय काढून घेतला होता. उरला रब्बीचा पाय, सोलापूर, नगर, बीड, धाराशिवच्या काळ्या रानातला. आता हवामान नेमकं त्याच्यावर आलंय.

रब्बी ज्वारीचं गणित ऐकायला सोपं आहे. भाद्रपदात-आश्विनात पडलेला पाऊस काळी माती धरून ठेवते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरायचं, आणि पुढं एकही पाऊस न पडता, फक्त खालच्या ओलीवर, थंडीवर आणि दवावर पीक काढायचं. काढणी माघ-फाल्गुनात. आकाश कोरडं, ऊन कडक, हवेत दमटपणा नाही. काढलेली ताटं रानातच वाळतात, कणसं खुडून घेतली की पेंढ्या बांधून गंजीला. या सगळ्यात कुणी मोजत नाही अशी एक गोष्ट फुकट मिळत होती: काढणीच्या वेळचं कोरडं आभाळ. कडबा वर्षभर टिकायचा तो त्याच्या जिवावर.

गंज रचणं हे हुन्नराचं काम आहे आणि आमच्या घरात ते आप्पांकडं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाकडं. जमिनीवर आधी दगड आणि तुराट्यांचा थर, म्हणजे खालून ओल चढू नये आणि वाळवी लागू नये. मग पेंढ्या अशा लावायच्या की बुडखे बाहेर आणि शेंडे आत. मधला भाग कडेपेक्षा कायम थोडा उंच राहिला पाहिजे, म्हणजे प्रत्येक पेंढी बाहेरच्या बाजूला किंचित उतरती होते आणि वरून आलेलं पाणी आत न शिरता बुडख्यावरून ओघळून जातं. वर निमुळती करत नेऊन पाचटानं झाकायची, दोरखंड टाकून दगड लटकवायचे. आप्पा वर उभे आणि खालून दोघं पेंढ्या फेकणारे. पेंढी हातात आली की ते ती क्षणभर तोलतात. ओली असली तर बाजूला. एक ओली पेंढी मधे गेली तर आत गरम होते, भोवतालच्या पेंढ्यांना बुरशी धरते, आणि हे कळतं थेट पावसाळ्यात, गंज फोडल्यावर, जेव्हा दुसरीकडून वैरण आणायची सोय उरलेली नसते.

ही रचना जून-जुलैच्या पावसासाठी होती. रचून झालेल्या गंजीसाठी. पेंढ्या रानात पसरलेल्या असताना पाऊस आला तर काय करायचं, याला आप्पांच्या हुन्नरात उत्तर नाही, कारण त्यांच्या वडलांना ते उत्तर फारसं शोधावंच लागलं नव्हतं. २०१४ च्या फेब्रुवारीच्या अखेरीला सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत राज्यभर झोडपत राहिली. बातम्यांत द्राक्षं होती, डाळिंबं होती, आडवा झालेला गहू होता. आमच्याकडं ज्वारी काढून पडलेली. दाण्याला कोंब आले नाहीत तेवढं नशीब. पण आठवडाभरात कडबा करडा झाला, मग काळा. पेंढी उचलली की काजळीसारखी धूळ उडायची आणि नाकात बसायची. म्हशीनं गव्हाणीत तोंड घातलं, फुर्रकन श्वास सोडला आणि मान वळवून उभी राहिली. दोन दिवसांनी भुकेपोटी खाल्लं, ते शेण पातळ पडेपर्यंत.

त्यानंतर अवकाळी हा शब्द आम्ही मार्च-एप्रिलच्या नावाबरोबरच घ्यायला लागलो. दरवर्षी सगळीकडं येतो असं नाही. पण येईल की नाही याची खात्री गेली, आणि वैरण साठवायची तर खात्रीच लागते. बुरशीच्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते जनावराच्या पोटातून दुधात उतरतं. त्यामुळं काळ्या कडब्याची गोष्ट गोठ्यात संपत नाही.

रानात उभ्या पिकाचंही काही ठीक नाही. एक तर पेरणीच पुढं जाते. २०१९ आणि २०२० च्या ऑक्टोबरात पाऊस थांबेचना. रानात पाय घातला की चिखल, वाफसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, येईस्तोवर पेरणीची वेळ टळून गेलेली. उशिरा पेरलेल्या ज्वारीवर खोडमाशी तुटून पडते, पोंगा, म्हणजे मधला कोवळा शेंडा, मरतो, ताटाची दाटी जाते. दुसरं, हिवाळ्यात थंडी पुरती पडत नाही. रात्री उबदार राहिल्या की पीक घाई करतं, लवकर निसवतं, म्हणजे कणीस बाहेर टाकतं, ताटाला वाढायला दिवसच मिळत नाहीत. ढग आले की मावा पडतो, पानांवर चिकटा येतो आणि त्या चिकट्यावर पुन्हा काळी बुरशी. आणि दाणा भरायच्या वेळी ओल संपून ऊन तापलं तर खडखड्या. हा रोग ज्यानं पाहिलाय त्याला त्याचं नाव समजावून सांगावं लागत नाही: ताट बुडाशी पोकळ होतं, वाऱ्यानं आडवं पडतं, चिरून बघितलं तर आत राखेगत काळं. त्या कडब्यात जनावरानं खावं असं काही उरत नाही. आप्पा त्याला ‘जळण’ म्हणतात आणि खरंच चुलीकडं टाकतात.

हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला तर झाडं जोमानं वाढतील, मग चाराही वाढेल, असं कुणीतरी हमखास म्हणतं. पुण्यात चहाच्या टेबलावर मी हे बऱ्याचदा ऐकलंय. गहू, भात, हरभऱ्याच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही मात्र वेगळ्या घराण्यातली पिकं. त्यांच्या पानांत कार्बन पकडायची अशी सोय आधीपासूनच आहे की बाहेर तो वाढला म्हणून त्यांना फारसा फरक पडत नाही. पाण्याचा ताण असेल तेव्हा थोडा फायदा होतो, तेवढाच. आणि गहू-भातासारखी पिकं वाढतात तेव्हा त्यांच्यात पिष्टमय भाग वाढतो, नत्र त्या मानानं वाढत नाही. म्हणजे काड भरपूर, प्रथिनं पातळ. त्यात उष्णता वाढली की गवताच्या दांड्यात काष्ठ लवकर तयार होतं. ढीग तेवढाच दिसतो, पण पोटात गेल्यावर अंगी लागतो कमी. डोंगरी गवताचं, कुसळीचं असं फुलोऱ्यानंतर नेहमीच होत आलंय. आता फुलोराच लवकर येतो.

वरून गायीचा प्रश्न वेगळा. चरबट चारा पचवताना पोटात जास्त उष्णता तयार होते. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली उभी असलेली संकरित गाय धापा टाकत वैरण सोडते ती रुसलेली नसते, तिला आतली भट्टी आणखी पेटवायची नसते. म्हणून वैरण पहाटे आणि रात्री टाका असं सांगतात, आणि ते बरोबर आहे. आमची खिल्लार खोंडं या बाबतीत काटक. पण डेअरीत खोंडांचं दूध घालता येत नाही.

किराळ, म्हणजे कोवळी ज्वारी खाऊन जनावराला होणारी विषबाधा, ही गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगायला हवी, कारण त्यात हवामान आणि मजुरी एकमेकांत अडकलीत. ज्वारीच्या कोवळ्या ताटात धुरिन नावाचं द्रव्य असतं. जनावरानं ते चघळलं की त्यातून सायनाइडचं विष सुटतं. पीक मोठं होऊन फुलोऱ्यात आलं की त्याचं प्रमाण उतरतं, वाळवलं की आणखी उतरतं, म्हणून कडबा निर्धास्त. भीती असते ती पाण्याचा ताण बसून खुरटलेल्या ज्वारीची, आणि कापलेल्या बुडख्यातून फुटलेल्या हिरव्यागार धुमाऱ्यांची. पूर्वी रब्बी ज्वारी आमच्याकडं मुळासकट उपटायचे. हाताला फोड यायचे, पण रानात बुडखा राहायचा नाही, आणि नंतर पाऊसही पडायचा नाही. आता उपटायला माणसं मिळत नाहीत. मिळाली तर विळ्यानं कापतात, नाहीतर यंत्र फिरवतात. बुडखे रानात राहतात. त्यावर एप्रिलमध्ये अवकाळीची सर येते, आठ-दहा दिवसांत सगळं रान कोवळं हिरवं होतं, आणि उन्हाळ्यात हिरवं बघितलं की दावं तोडून जनावर तिकडं धावतं.

आमच्या शेजारच्या वस्तीवरची एक कालवड अशीच गेली. सकाळी सोडली होती, तास-दीड तासात तोंडाला फेस, पोट फुगलेलं, पाय झाडत आडवी. डॉक्टर आले, त्यांच्याकडं थायोसल्फेटचं इंजेक्शनही होतं, पण ते पोचेपर्यंत कालवड थंड झाली होती. ‘हिरवं बघून सोडली वो, वाळलेलं खाऊन खाऊन कटाळली हुती,’ एवढंच ती बाई सारखं म्हणत होती. तिला कोण काय सांगणार? आजवरच्या तिच्या सगळ्या अनुभवात त्या रानात त्या दिवसांत हिरवं असायलाच नको होतं.

दुष्काळाचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. बहात्तरला माणसाच्या पोटाची काळजी होती, अलीकडच्या दुष्काळांत ती जनावरावर आलीय. २०१२-१३ मध्ये म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं जनावरांसाठी चारा छावणी उघडली ती कित्येक महिने चालली. २०१९ च्या उन्हाळ्यात राज्यात दीड हजाराच्या आसपास छावण्या आणि त्यांत दहा लाखांच्या आसपास जनावरं होती. वहिनी त्या वर्षी दोन म्हशी आणि एक खोंड घेऊन छावणीतच राहायला होत्या. मी भेटायला गेलो तर म्हणाल्या, ‘भावजी, चहा करते, दूध घरचंच हाय. घरच न्हाई तेवढं.’ छावणीत रोज उसाचे वाढे, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला, आणि उसाच्या कांड्या. वाढ्यांत ऑक्झालेट असतं, ते जनावराच्या अंगातलं कॅल्शियम धरून ठेवतं. सतत वाढे खाल्ले तर दुभतं जनावर आतून खिळखिळं होतं. त्यावर चुन्याची निवळी शिंपडून द्यायची असते. छावणीत कुणी शिंपडत नव्हतं. वहिनी स्वतः डबा घेऊन शिंपडायच्या, शेजारच्यांच्या गव्हाणीतही. कुठून कळलं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, आमच्या आईचं असंच असायचं.

२०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. त्या वर्षी जिल्ह्याबाहेर चारा न्यायला ठिकठिकाणी बंदी आली. बंदीमागचा विचार समजतो. पण ज्याच्याकडं दोन गंजी जास्तीच्या होत्या त्याचा भाव पडला आणि पलीकडच्या जिल्ह्यातल्या माणसानं म्हैस बाजारात नेली. असे हुकूम काढणाऱ्यांनी एकदा जनावरांच्या बाजारात पहाटे उभं राहावं.

यावरचे उपाय सांगणारे खूप आहेत. मध्यंतरी ट्रेमध्ये मक्याचे दाणे भिजवून आठ दिवसांत हिरवी गादी उगवायचं वेड आलं होतं. एक किलो दाण्याचे सहा-सात किलो चारा होतो असं सांगायचे. होतो, पण वाढलेलं सगळं पाणी असतं, कोरडा भाग उलट थोडा घटतो. मूरघासाचं तसं नाही, ती खरोखर चांगली गोष्ट आहे. मका दाणा चिकात असताना कापायचा, कुट्टी करायची, हवा काढून घट्ट दाबायचा, दीड महिन्यानं उघडायचा. पाऊस आला तरी बॅगेला काही होत नाही. पण मक्याला पाणी लागतं. आणि २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात दिसली, काही महिन्यांत आमच्या मक्यात आली, तेव्हापासून चाऱ्याच्या मक्यावरसुद्धा फवारे मारावे लागतात. फवारलेला पोंगा किती दिवसांनी जनावराला घालायचा हे बाटलीवर लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. ज्याच्याकडं पाणी, यंत्र आणि आगाऊ पैसे आहेत त्याचा प्रश्न मूरघासानं बराचसा सुटतो. ज्वारी काढायला येणाऱ्या बायका मजुरीबरोबर जाताना डोक्यावर चार पेंढ्या न्यायच्या, त्यांच्या घरी त्यावर दोन शेळ्या आणि एखादी रेडी जगायची. मूरघासाची बॅग डोक्यावरून नेता येत नाही आणि कुणी देतही नाही. वैरण अशी हळूहळू विकतची झाली, आणि भूमिहीनाचा गोठा त्यातच मोडला. याची नोंद कुठल्या हवामान अहवालात असेल असं वाटत नाही.

नोंदीवरून एक आठवलं. आमच्याकडं पावसानंतर पंचनाम्याला माणूस आला होता. त्यानं कणसं बघितली, दाणे हातावर चोळले, काळे किती आणि पांढरे किती ते लिहून घेतलं. आप्पांनी त्याला कडबा दाखवला. तो म्हणाला, ‘दादा, याला रकाना नाही.’ माणूस वाईट नव्हता, त्याच्या कागदावर खरंच रकाना नव्हता. गंमत पुढं आहे. तालुक्यात चारा किती दिवस पुरेल याचा अंदाज करतात तेव्हा ज्वारीच्या पेऱ्यावरून करतात: इतके हेक्टर, हेक्टरी इतका कडबा, इतकी जनावरं. त्या हिशेबात आमचा काळा कडबाही धरलेला असणार. नुकसान मोजताना तो नसतो आणि साठा मोजताना असतो. छावणी कधी उघडायची ते दुसऱ्या हिशेबावर ठरतं.

शेड हा एक साधा उपाय आहे. ज्वारी काढली की त्याच दिवशी पेंढ्या पत्र्याखाली. पण कडब्याला जागा इतकी लागते की तेवढ्या पत्र्याच्या पैशात कित्येक वर्षांचा कडबा विकत येईल. गावानं मिळून एक मोठं शेड केलं तर जमेल. गोदामाला अनुदान मिळतं ते धान्याच्या, त्यातच वैरणीचं बसवता आलं तर बघा, असं मी ग्रामपंचायतीतल्या एका ओळखीच्या सदस्याला म्हणालो. तो म्हणाला, बघू. बांधावर मारवेल गवत आणि शेवरी लावायची हे दुसरं. आप्पांनी शेवरी लावलीय, शेळ्यांनी दोन वेळा मुंडण केलं तरी ती पुन्हा फुटते. तिच्यात प्रथिनं भरपूर, आणि काळ्या कडब्याच्या कुट्टीत मूठभर पाला मिसळला की जनावर निदान नाक मुरडत नाही.

यंदा आप्पांनी रानाचे तीन तुकडे करायचं ठरवलंय. एकात वाफसा मिळेल त्या पहिल्या दिवशी मालदांडी, मग सप्टेंबर संपलेला नसला तरी. दुसऱ्यात त्यानंतर पंधरा दिवसांनी, म्हणजे एका पावसात दोन्ही सापडायला नकोत. तिसरा तुकडा विहिरीजवळचा, तिथं मका आणि मूरघास. वहिनींना हा तिसरा तुकडा मान्य नाही. बॅग एकदा फोडली की रोज काढून लवकर संपवावी लागते, आणि त्यांच्या दोन म्हशींना एवढा मूरघास एका दमात कशाला हवा, असं त्या म्हणतात. त्यात आंबूस वासाला खोंडं पुढं येत नाहीत. आप्पा म्हणतात सवय होईल. वहिनी म्हणतात, मग तुम्हीच घाला त्यांना पहाटे उठून. हा वाद मी निघेपर्यंत मिटला नव्हता. आणि मक्याचं बियाणं अजून दुकानातच आहे.